साबळेकाकांची मांडणी

साबळेकाका मला आवडायचे नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गैरसमज नको. माणूस निवृत्त झाला की सगळे त्याच्याबद्दल एकदम गोड बोलायला लागतात. मला ते जमत नाही. मी त्यांच्यावर जळायचे. चांगली चार वर्षं जळले, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, रविवार सोडून. रविवारीसुद्धा भांडी घासताना त्यांचं काहीतरी आठवायचं आणि त्या दिवशी कढई जरा जास्तच लख्ख निघायची.

आमचं ऑफिस हर्सूलच्या अलीकडे, दुमजली. मालक काझी सर. काम म्हणजे जुन्या दप्तरांचे कागद स्कॅन करून द्यायचे. लाल कापडात बांधलेले बस्ते यायचे, त्यात कुठं मोडी, कुठं उर्दू, कुठं वाळवीनं अर्धं खाल्लेलं मराठी. खालच्या मजल्यावर वीसेक मुली स्कॅनरवर बसायच्या. त्यांनी काढलेली सगळी चित्रं वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरमध्ये येऊन पडायची, आणि त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे. निदान मला तसं सांगून घेतलं होतं. मी कॉम्प्युटरची इंजिनिअर, पुंडलिकनगरातून स्कूटीवर यायचे, पहिल्या दिवशी नवा ड्रेस घालून गेले. बघते तर सर्व्हरसमोर लाकडी स्टुलावर पन्नाशी उलटलेला एक माणूस पाठीला बाक न देता बसलेला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि दोन बोटांनी टाइप करतोय. मला वाटलं शिपाई असेल, मशीन पुसायला आला असेल.

"काका, जरा उठता का?" म्हटलं.

"या ना ताई," असं म्हणून ते उठले, स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि माझ्यासाठी फिरती खुर्ची ओढून दिली. "मी दादाराव साबळे. फुलंब्रीहून येतो. आपल्याला दोघांनी मिळून करायचंय हे." दोघांनी! माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हाच.

दहावी झालेला माणूस. पंचवीस वर्षं एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले, मराठी आणि उर्दू दोन्ही. छापखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे खिळेवाले घरी गेले, हे मात्र कॉम्प्युटरच्या मागं उभे राहून बघत बसले. तिथून काझी सरांकडे आले ते बस्ते लावायला. आणि आल्यावर लिनक्स शिकले. कुणाकडून, तर कुणाकडूनच नाही. लिनक्समध्ये प्रत्येक कमांडबरोबर तिची माहिती मशीनमध्येच लिहिलेली असते, कोरडी ठक्क, इंग्रजीत. आम्ही कॉलेजात ती कधी उघडली नाही. काकांनी शब्दकोश मांडीवर घेऊन ती एक-एक करून वाचली आणि एका लांबड्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत मराठीत उतरवून काढली. अक्षर असं की छापलंय असं वाटावं. ती वही बघितली की मला माझी डिग्री भिंतीवरून उतरवून माळ्यावर टाकावीशी वाटायची.

त्यांच्या कामाच्या सवयी बघून माझा जीव जायचा. कमांड टाइप केली की लगेच एंटर दाबायचे नाहीत. मान जराशी वाकडी करायची आणि ती ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, ओठ हलवत. खिळे उलटे असतात, त्यामुळं छापखान्यात उलटं वाचायची सवय, ती इथंही आली. एकदा मी कंटाळून म्हटलं, "काका, एवढ्यात मी चार कमांडी मारून मोकळी झाले असते."

"मारा की," ते म्हणाले. "पर सरळ वाचलं की आपल्याला जे पाहिजे तेच दिसतं ताई. उलटं वाचलं की जे हाय ते दिसतं."

असं काहीतरी बोलायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. कुणी वाहवा करावी म्हणून थांबायचेसुद्धा नाहीत. तेच जास्त झोंबायचं.

दीड वाजता डबा. बाजरीची भाकरी, कधी अंबाडीची भाजी आणि खर्डा. डबा उघडला की खालच्या मुली जिना चढून वर यायच्या आणि "काका, जरासाच" करत निम्मा डबा संपवायच्या. मला रोज विचारायचे. मी वर्षभर "ॲसिडिटी आहे" म्हणून नाही म्हणत राहिले आणि समोर बसून पोळी-बटाट्याची कोरडी भाजी गिळत राहिले. तोंडाला पाणी सुटायचं, पण हट्ट म्हणजे हट्ट. फोन आला की काका "जय भीम, बोला," म्हणायचे, मग तो कुणाचाही असो. काझी सरांशी उर्दूतून बोलायचे. एखाद्या बस्त्यातला फाटका कागद घेऊन दोघं खिडकीशी उभे राहायचे, "हौ साबळे साब, ये तो इनाम का कागद है," वगैरे चालायचं, आणि मी माझ्या फिरत्या खुर्चीत उगाच फिरत बसायचे.

घरी बाबांनी एकदा विचारलं, "कुठले साबळे?" आमच्या घरात ही जुनी खोड आहे, आडनावाच्या मागं गाव आणि गावाच्या मागं आळी शोधायची. मी सांगितलं. बाबा नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"चा मला त्या रात्री जरा आधार वाटला. लिहिताना लाज वाटतेय, पण वाटला होता.

आता खरी गोष्ट. लिनक्समध्ये डिस्क नुसती जोडून चालत नाही. ती एखाद्या फोल्डरवर चढवावी लागते, त्याला माउंट करणं म्हणतात. चढवली की त्या फोल्डरमध्ये गेलं की डिस्कवरचं सगळं दिसतं. आम्ही मोठी डिस्क "स्कॅन" नावाच्या फोल्डरवर चढवलेली असायची आणि मुलींचं सगळं काम तिथं जाऊन पडायचं. माझ्या नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात लाइट गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण डिस्क काही चढली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण फोल्डर तर जागेवरच होतं, मुली त्यात काम टाकत राहिल्या. तीन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं. वा रे मी, मोठ्या ऐटीत डिस्क चढवली. आणि मुलींचं तीन दिवसांचं काम गायब.

 गेलेल्या फाइली शोधून देणारी दोन-तीन सॉफ्टवेअर चालवली, काही सापडेना. काझी सर येरझाऱ्या घालायला लागले. दुपारपर्यंत मी रडवेली. काका मग हळूच म्हणाले, "ताई, खाली बघितलं का?"

"खाली कुठं? फोल्डरमध्ये डिस्क आहे, डिस्कवर काही नाही."

"डिस्कच्या खाली म्हणतो मी." मग काझी सरांकडे वळून म्हणाले, "साहेब, भिंतीत कोनाडा हाय. कोनाड्यात दिवा ठेवला. नंतर त्याच्यापुढं कपाट आणून उभं केलं. दिवा कुठं गेला?"

"वहींच है," सर म्हणाले.

"मग झालं तर."

डिस्क उतरवली असती तर खालचं दिसलं असतं, पण मुली तिच्यावर काम करत होत्या, उतरवता येईना. काकांनी सर्व्हरची मूळ डिस्क एका वेगळ्या रिकाम्या फोल्डरला बाइंड केली. बाइंड म्हणजे त्याच खोलीला दुसरं दार पाडायचं. या नव्या दारानं आत गेलं की ते कपाट आडवं येत नाही. ओळ टाइप केली, उलटी वाचली, एंटर दाबलं. तीन दिवसांचं काम जिथल्या तिथं होतं, एक कागद कमी नाही. खालून मुलींनी टाळ्या वाजवल्या. काझी सरांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले. माझं काम वाचलं होतं, माझी नोकरी वाचली होती, आणि मला मात्र वाटत होतं की ते काम सापडलं नसतं तर बरं झालं असतं. इतकी मी जळायचे.

त्यानंतर काकांनी एक केलं. ज्या ज्या फोल्डरवर डिस्क चढते, तिथल्या सगळ्या डिस्क एकदा उतरवून त्या रिकाम्या फोल्डरात एक कोरी फाइल ठेवली. तिचं नाव "डिस्क-चढलेली-नाही". म्हणजे ही फाइल दिसली की समजायचं, कपाट जागेवर नाही, काम टाकू नका. मुलींना तेवढं लगेच कळलं. मलाही कळलं. मला सुचलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या वर्षी काम वाढलं. काझी सरांनी सर्व्हरवर सगळ्या डिस्कांसाठी मिळून नवं मोठं भांडार उभारलं आणि जुनी डिस्क "स्कॅन"वरून उचलून त्या भांडाराच्या आत न्यायची ठरली. मी लेखी काढलं: अर्धा दिवस काम बंद. काका म्हणाले, "बंद कशाला? चढलेली डिस्क उतरवल्याबिगर सरकवता येती." हे मला ठाऊक होतं बरं का! मूव्ह नावाची सोय आहे, मी वाचलं होतं. म्हटलं आता दाखवतेच. काझी सर समोर उभे असताना मी कमांड मारली. मशीननं सरळ नकार दिला. पुन्हा मारली. पुन्हा नकार. 

काका स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत. "ताई, वरचं फोल्डर सामायिक हाय. सामायिकातली वस्तू एकट्याला हलवता येत नाय. आधी वाटणी करा, मग हलवा."

लिनक्समध्ये असतं खरं तसं. वरचा माउंट सगळ्यांचा सामायिक ठेवलेला असतो, त्याला आधी खासगी करावं लागतं, मगच त्याच्या आतलं सरकतं. काझी सर पोट धरून हसले, "साबळे साब ने तो लिनक्स में भी तलाठी ऑफिस खोल दिया!" मी नाही हसले.

काकांनी घाई केली नाही. चार वाजता मुली चहाला उठल्या, सगळ्यांचे हात कीबोर्डवरून निघाले, तेवढ्यात त्यांनी वाटणी केली, डिस्क भांडारात सरकवली, आणि जुन्या "स्कॅन" फोल्डरला त्याच डिस्कचं दुसरं दार म्हणून बाइंड करून ठेवलं. म्हणजे मुलींना काही बदलायला नको. त्या जुन्याच दारानं आत जाणार, काम नव्या जागी पडणार. चहा पिऊन मुली परत आल्या, कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. माझा अर्ध्या दिवसाचा कागद टेबलावर तसाच पडलेला.

"वहीत लिहिलंय ताई सगळं," काका त्या संध्याकाळी म्हणाले. "एकदा वाचून घ्या. मी नसलो तर तुम्हालाच बघायचंय."

"बघते," म्हटलं. वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मी ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्टुलावर परत ठेवली, न उघडता. बॅकअपचं कामही मी त्यांच्याकडून मागून घेतलं, का तर निदान एक गोष्ट तरी पूर्ण माझी असावी. आणि घेतल्यावर मीच ते पुढं ढकलत राहिले.

असं चाललेलं असताना काझी सरांनी आम्हाला बोलावलं. ज्यांचं दप्तर आम्ही करत होतो त्यांना एक जबाबदार माणूस हवा होता, कागदावर नाव असलेला. सिस्टीमचा प्रमुख. "दोनों में से एक," सर म्हणाले. "अगले महिने बताता." मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते कसं सांगू? बाबांना सांगायचं होतं, मैत्रिणींना सांगायचं होतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्या लाकडी स्टुलाकडे बघून एकदा तरी मला वाटायला हवं होतं की इथं मी मोठी आहे.

सर्व्हरवर जागा कमी पडायला लागली होती. काका त्या दिवशी रजेवर, तहसीलमध्ये काहीतरी काम होतं त्यांचं. मी बघितलं, तर भांडारातही तेच बस्ते आणि जुन्या "स्कॅन"मध्येही तेच बस्ते. आकार तोच, नावं तीच. त्या चहाच्या वेळी काकांनी काय केलं, ते रागात मी धड बघितलंच नव्हतं. म्हटलं, बघा, काकांनी दोन-दोन प्रती करून ठेवल्यात आणि जागा अडवलीय. आज हे साफ करून सरांना दाखवते. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. जुनं फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसून टाकायची कमांड मारली आणि चहाचा कप उचलला.

दुसरी प्रत नव्हतीच. एकच खोली होती, दारं दोन. मी एका दारानं आत जाऊन घर रिकामं करत होते.

खालून आरोळी आली, "मॅडम, बस्ते दिसंनात!" भांडारात बघितलं, तिथलंही डोळ्यांदेखत कमी होत चाललेलं. कमांड थांबवली तोवर पुष्कळ गेलं होतं. जुनं बरंचसं बॅकअपमधून परत आलं, पण मी ढकललेल्या बॅकअपनंतरचे सहा बस्ते कुठंच नव्हते. ते कागद बांधून ज्याचे त्याला परत गेलेले. पुन्हा मागायचे म्हणजे आम्ही काम घालवलं हे कबूल करायचं, आणि ते कागद असे की एकदा उलगडले तरी कडा झडायच्या.

त्या दुपारी मी वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही, त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: "शुभांगीताईंसाठी. जुनं स्कॅन हे दार आहे, प्रत नाही. आतलं पुसू नये. नको असेल तेव्हा दार नुसतं उतरवावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काझी सरांनी दोघांना उभं केलं. काय झालं म्हणून विचारलं. मला सांगता आलं असतं. तोंड उघडलंही त्यासाठीच. पण जे बाहेर आलं ते असं: "सर, काकांनी ते फोल्डर दोन ठिकाणी जोडून ठेवलं होतं. त्यामुळं झालं."

यात एक शब्द खोटा नव्हता. त्याचीच मला अजून लाज वाटते.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं, एखादी ओळ वाचावी तसं. मग सरांना म्हणाले, "व्हय साहेब. मांडणी माझी होती."

"साबळे साब, आपसे ये उम्मीद नहीं थी," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आठवड्यानं माझं नाव कागदावर गेलं. मी सिस्टीमची प्रमुख झाले. बाबांनी पेढे आणले. काका खालच्या मजल्यावर स्कॅनिंगला गेले, स्टूल स्वतःच उचलून घेऊन गेले.

ते सहा बस्ते त्यांनीच परत आणले. त्या ऑफिसात जाऊन हात जोडले, काय सांगितलं कुणास ठाऊक, पण बस्ते घेऊन आले. छापखान्यातला हात, कागद कसा उचलायचा हे त्यांना माहीत. दुसऱ्या कुणाला शिवू दिले नाहीत, एकट्यानं सहाही पुन्हा स्कॅन केले आणि परत नेऊन दिले.

आता तरी माझं जळणं थांबावं की नाही? छे! वर काचेच्या केबिनमध्ये मी, दारावर नावाची पाटी, आणि खाली बघावं तर काकांभोवती मुलींचा घोळका. कुणाचं मशीन अडलं, काकांकडे. कुणाला उर्दूतलं गाव लागेना, काकांकडे. एका मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा काकांनी लिहून दिली. माझ्याकडे जिना चढून यायचं ते फक्त रजेचे अर्ज. दीड वर्ष मी काचेतून खाली बघत होते. बोलायचे काकांशी, नाही असं नाही. "नमस्कार काका." "नमस्कार ताई." त्यापुढं कधी गेले नाही. जिना उतरून विचारायचं मनात यायचं, आणि मग कुणीतरी खाली काकांच्या बोलण्यावर खळखळून हसायचं आणि माझा पाय तिथंच अडायचा.

काकांचा शेवटचा दिवस आला. खालच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. घरच्यांना त्यांनी आणलं नव्हतं, "कामाच्या दिवशी कशाला त्यांना," म्हणाले. शाल झाली, नारळ झाला, काझी सर बोलले, दोन मुली बोलता बोलता रडल्या. मग सर म्हणाले, "हमारी मॅडम भी कुछ बोलेंगी."

मी ठरवूनच आले होते. रात्रभर मनात घोळवलं होतं. उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, ते सहा बस्ते माझ्यामुळं गेले. काकांनी लिहून ठेवलं होतं, मी वाचलं नाही. बॅकअप माझ्याकडे होता, मी घेतला नाही. पुसलं मी, आणि सरांपुढं नाव घेतलं काकांचं. ही जागा त्यांची होती.

 मला वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, एकदाची सुटले.

तेवढ्यात काका उठले, शाल सावरत. "नाय नाय," ते म्हणाले. "ताईंचं मन मोठं हाय, म्हणून म्हणायल्यात. दुसरं माणूस चुकंल अशी मांडणी करायचीच नाय असती. ती मी केली. चूक माझीच." आणि बसले.

आणि काय सांगू, टाळ्या! माझ्यासाठी टाळ्या. मुली माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी कुणी संतबिंत आहे. काझी सर म्हणाले, "देखो, इसको बोलते बडा दिल!" मी "अहो नाही, खरंच," म्हणत राहिले, आणि जितकं म्हणावं तितक्या टाळ्या वाढल्या. मला काकांचा इतका संताप आला! जागा मिळाली त्यांच्यामुळं, नोकरी टिकली त्यांच्यामुळं, आणि आता एक धड गुन्हा माझा म्हणावा तर तोही या माणसानं माझ्याकडे राहू दिला नाही.

कार्यक्रम संपला, चहा-समोसे झाले. काका कधी निघाले कळलंच नाही. मी स्कूटी काढली आणि घराकडे न जाता उलटी हर्सूल नाक्याकडे सुटले. फुलंब्रीची काळी-पिवळी जीप भरायची थांबली होती. काका तिच्या बाजूला उन्हात उभे, शाल घडी करून पिशवीत, नारळ हातात.

"काका, तुम्ही खोटं का बोललात?" मी स्कूटी बंद न करताच विचारलं.

"कवा?"

"आत्ता. आणि तेव्हाही. चूक माझी होती, तुम्हाला माहीत आहे."

काका मग म्हणाले, "व्हय. तुझीच होती. लई मोठी चूक केलीस. बघितल्याबिगर पुसलंस, आन् वरून माझ्यावर ढकललंस. पुसलेलं परत आणलं मी. ढकललेलं मात्र लई लागलं मला. चार दिवस भाकर गेली नाय घशाखाली."

मी तयारी केली होती ती "असू द्या ताई" ऐकायची.  कसंबसं म्हटलं, "मग दीड वर्षात एकदाही बोलला नाहीत?"

"तू विचारलंस का?"

जीपवाला ओरडत होता, "चला फुलंब्री, फुलंब्री, एकच सीट!"

"चार माणसांत कबूल केलंस, ते सोपं हाय पोरी. लोक टाळ्या वाजवतात," काका म्हणाले. "ज्याची केली त्याला एकट्याला गाठून विचारायचं असतं. मी खाली वाट बघत होतो की. रोज जिन्याकडं बघायचो, आता येईल, मग येईल."

"आता विचारते काका. चुकले मी."

"व्हय, चुकलीस," ते म्हणाले. "झालं. जा आता घरी, हेल्मेट घाल."

आणि पाय उचलून जीपमध्ये चढले, त्या एका सीटवर. अंग चोरून बसले, नारळ मांडीवर. शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं, तो माणूस हसला, आणि जीप निघाली.

मी नाक्यावर स्कूटी उभी करून ढसाढसा रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. चार वर्षांत त्या माणसाचं मला काही म्हणून गोड लागलं नव्हतं, आणि ते "चुकलीस" ऐकून मात्र छातीवरचा दगड खाली उतरला. आणि डोळे पुसता पुसता, आता खोटं कशाला बोलू, मला पुन्हा जळायला झालं. रागावावं तर असं, आवाज न चढवता, आणि रागावून झाल्यावर समोरच्याला हेल्मेट घाल म्हणून सांगावं. मला आयुष्यात जमायचं नाही ते.